निशाणी बांगडी
माणदेशी महिला सहकारी बँक, म्हसवड : पंचवीस वर्षांची वाटचाल

जुन्या कर्जरोख्यांच्या तळाशी सह्यांच्या जागी चित्रे असत. लिहिता न येणारा कुणबी नांगराची आकृती काढी आणि लिहिणारा कारकून शेजारी ‘निशाणी नांगर’ अशी नोंद करी. बाकीच्यांचेही तसेच, ज्याच्या-त्याच्या धंद्याचे अवजार हीच त्याची सही. बाईच्या नावापुढे मात्र बांगडी. ती खुरपणीला जावो, मेंढरामागे हिंडो की भात्यापुढे बसून लोखंड ठोको, कागदावर तिची ओळख बांगडीच. पुढे या चित्रांची जागा अंगठ्याने घेतली.

माणदेशी महिला सहकारी बँकेचा इतिहास सांगताना सुरुवात या निशाणीपासूनच करावी लागते. बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, तो बँक काढू पाहणाऱ्या बायकांपैकी काहीजणी अंगठेबहाद्दर होत्या म्हणून.

पूर्वपीठिका : १८७५ ते १९०४

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. दंगे नगर जिल्ह्यात पसरले. लोकांनी माणसांना फारसा हात लावला नाही. त्यांना हवे होते ते कागद. रोखे आणि खातेवह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या कोकरूड गावातही असाच प्रकार घडला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे. ज्या कागदावर आपण नांगर काढला त्यात नेमके काय लिहिले आहे, हे नांगर काढणाऱ्याला वाचता येत नव्हते. दंग्यांमागे कारणे अनेक होती, पण या एका कारणाकडे पुरेसे लक्ष जात नाही.

दंग्यांनंतर आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. कर्जाच्या जाचातून शेतकऱ्याला थोडी सूट मिळाली, पण पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार, हा प्रश्न कायद्याने सुटला नाही.

या प्रश्नाला भिडले ते सर विल्यम वेडरबर्न. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी, स्कॉटिश घराण्यातले बॅरोनेट आणि पुढे दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष झालेले गृहस्थ. न्यायमूर्ती रानड्यांच्या सल्ल्यामसलतीने त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारात तेव्हा अर्थखाते सांभाळत होते सर एव्हलिन बेअरिंग, म्हणजे लंडनच्या प्रख्यात बेअरिंग पेढीच्या घराण्यातले, पुढचे लॉर्ड क्रोमर. पेढीवाल्यांच्या घरात वाढलेल्या या माणसाला योजना पटली. हिंदुस्थान सरकारने ती १८८४ मध्ये लंडनला पाठवली आणि तिथल्या इंडिया ऑफिसने ती फेटाळली. पुढे इजिप्तचा कारभार हाती असताना याच क्रोमरसाहेबांच्या काळात, १९०२ मध्ये, तिथे शेतकी बँक उभी राहिली. पुरंदरच्या वाट्याला मात्र ती आली नाही. एक व्हाइसरॉय, एक बॅरोनेट आणि पेढीच्या घराण्यातला अर्थमंत्री पाठीशी असूनही एका तालुक्याची बँक होऊ शकली नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढे म्हसवडच्या बायकांनी काय मिळवले याचा अंदाज येतो.

सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९०४ मध्ये आला.

१९०७ ते १९८० : साताऱ्याच्या आणि सांगलीच्या बँका

स्वदेशीच्या चळवळीचे वारे होते. १९०७ मध्ये साताऱ्याचे वकील अण्णासाहेब चिरमुले यांनी सातारा स्वदेशी कमर्शियल बँक काढली. १९१३ मध्ये त्यांनीच वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी सुरू केली आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक. सांगली संस्थानच्या राजधानीत १९१६ मध्ये सांगली बँक निघाली, तर पुढच्याच वर्षी कऱ्हाडात अर्बन बँक. व्यापारी, वकील, शिक्षक, गुळाचे आणि हळदीचे अडते यांच्या घरात पासबुक येऊ लागले. या दोन जिल्ह्यांत बँक ही परकी वस्तू राहिली नाही, याचे श्रेय त्या पिढीला द्यायला हवे.

पण कृष्णाकाठी वाढलेली ही बँकिंगची शेती माणदेशात पोचायला फार वेळ लागला. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. म्हसवडचा माण तालुका साताऱ्यात राहिला, शेजारचे आटपाडी सांगलीत गेले. माणसांची सोयरीक, बाजार आणि दुष्काळ तसाच सामायिक राहिला. म्हसवडजवळ माणगंगेवर राजेवाडीचा मोठा तलाव आहे. १८७६ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधायला घेतला गेला. तलाव माणमध्ये, आणि पाण्याचा लाभ मुख्यतः खालच्या आटपाडी-सांगोल्याला. माणदेशी माणूस तलावाकडे बघत पाऊस मोजत राहिला.

पोटासाठी मग वाटा फुटल्या. कुणी मुंबईत गिरणीत गेले, कुणी माथाडी झाले. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कामगार सोनेचांदी आटवण्याच्या धंद्यात देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचले. मागे राहिली ती बाई. शेत, शेरडे, सासू-सासरे आणि महिन्याची मनीऑर्डर, सगळे तिच्या अंगावर. घर ती चालवत होती, पण खाते तिच्या नावावर नव्हते.

ऐंशीचे दशक : म्हसवडला आलेली सून

चेतना गाला मूळच्या मुंबईच्या. अर्थशास्त्र शिकलेल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून घडलेल्या. बोधगयेच्या जमीन सत्याग्रहात ‘जमीन बाईच्या नावावर’ ही मागणी ज्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीने लावून धरली, त्या वाहिनीच्या मुशीतली ही पिढी. म्हसवडचे शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी विवाह झाल्यावर त्या म्हसवडला आल्या.

तो काळ उतरणीचा होता. १९८२ च्या संपानंतर गिरणीतली नोकरी गेलेले अनेकजण गावाकडे परतले होते. मनीऑर्डर थांबली आणि बाईच्या खांद्यावरचे ओझे वाढले. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पंचायत राज व्यवस्थेत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या आणि गावोगावच्या बायका चावडीवर येऊन बसू लागल्या. त्यांच्या बोलण्यात रस्ता, पाणी, रेशन हे विषय असत आणि फिरून फिरून एक विषय यायचा, तो म्हणजे हाताशी चार पैसे असण्याचा.

नव्वदचे दशक : कांताबाईंचा प्रश्न आणि एक परवाना

बँकेची गोष्ट म्हसवडमध्ये सर्वजण कांताबाईंपासून सांगतात. त्या लोहारकाम करायच्या, कुटुंबासह रस्त्याच्या कडेला पालात राहायच्या. पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे, एवढीच त्यांची इच्छा. त्या बँकेत गेल्या. इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँकेने नकार दिला. कांताबाईंना कर्ज नको होते, सूट नको होती, अनुदान नको होते. स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवायला जागा हवी होती. तीही मिळत नसेल तर अशा बायकांची वेगळी बँक का असू नये, हा विचार तिथून सुरू झाला.

विचार वेळेवर झाला, असे आज मागे वळून पाहताना वाटते. मराठे समितीच्या शिफारशींनंतर १९९३ पासून रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांच्या परवान्यांचे धोरण सैल केले होते, आणि महिला बँकांसाठी भांडवलाची अट काहीशी हलकी होती. पुढे काही सहकारी बँका अडचणीत आल्या आणि २००४ पासून नवे परवाने देणे थांबले. मधल्या त्या दहा-अकरा वर्षांच्या फटीतून म्हसवडची बँक आत शिरली.

१९९६ मध्ये अर्ज गेला आणि परत आला. कारण वर सांगितलेच. प्रवर्तक सभासदांत निरक्षर स्त्रिया आहेत, त्या बँक कशी चालवणार? चेतना सिन्हा निराश होऊन म्हसवडला परतल्या. बायकांनी मात्र साधा मार्ग काढला. लिहिता-वाचता येत नाही म्हणून नाही म्हणतात ना, मग शिकू या. दिवसभराचे काम आटोपून, भाकरी थापून झाल्यावर रात्री वर्ग भरू लागले. खुरपे धरून घट्टे पडलेल्या बोटांना पेन्सिल धरवत नाही. अक्षर गिरवायचे म्हणजे काय कष्ट असतात, हे चाळिशीनंतर पाटी हातात घेतलेल्या कुणालाही विचारावे.

पाच महिन्यांनी पंधराजणी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. त्या वेळी त्यांनी दिलेले आव्हान आता माणदेशात दंतकथेसारखे सांगितले जाते, पण ते घडलेले आहे. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती म्हणून लिहिता आले नाही, पण हिशोब येतो. कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो, आणि तुमच्या साहेबांनीही ते कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावे.

यात फुशारकी नव्हती. सावकाराचे व्याज शेकड्यावर आणि महिन्यावर चालते. शेकडा दोन म्हणजे हजाराला महिन्याचे वीस, साडेचार महिन्यांचे नव्वद. साहेबाच्या डोक्यात हाच दर वर्षाला २४ टक्के असा येतो आणि मग त्याला महिन्यांनी भागाकार करावा लागतो. बाईच्या डोक्यात भागाकार नसतोच. आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणारीला सकाळी नव्वद घेऊन संध्याकाळी शंभर फेडायचे असतात. तिथे चूक झाली तर रात्रीची चूल पेटत नाही. ज्या शाळेत ती शिकली तिची फी तिने रोज भरलेली होती.

१९९७ मध्ये परवाना मिळाला. १,३३५ सभासदांनी मिळून ७ लाख ८ हजार रुपये भांडवल उभे केले होते. सरासरी काढली तर माणशी साधारण ५३० रुपये पडतात. मजुरी, शेळी विकून आलेले पैसे, डाळीच्या डब्यात लपवलेल्या नोटा, असे ते भांडवल आहे. ग्रामीण स्त्रियांनी ग्रामीण स्त्रियांसाठी काढलेली देशातली ही पहिली बँक म्हणून ओळखली जाते. त्याच सुमारास स्थापन झालेली माण विकास सामाजिक संस्था शिक्षणाचे आणि संघटनेचे काम बघू लागली. बँक आणि संस्था या जोडबैलांनी पुढची नांगरट केली.

२००० चे दशक : दारात आलेली बँक

बँक उघडली, पण बायका येईनात. बँकेत यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची आणि एस. टी.चे भाडे घालायचे. दहा रुपये भरायला पन्नास रुपयांचा खर्च कोण करील? म्हणून बँकच उठून बाजारात, वस्तीवर आणि दारात जाऊ लागली. रोजची वसुली करणाऱ्या मुली आणि बायका पिशवी, पावतीपुस्तक घेऊन उन्हातान्हात फिरल्या. संस्थेच्या इतिहासात अध्यक्षांची आणि संचालकांची नावे येतात, ती यायलाच हवीत. पण या पिशव्या वाहणाऱ्या हातांनी बँक घरोघर नेली, हे ठळक अक्षरांत लिहायला हवे.

दारात गेल्यावर दुसरी अडचण कळली. पासबुक घरात ठेवायची बायकांना धास्ती वाटे. ते नवऱ्याच्या नजरेला पडले की शिल्लक कळते आणि शिल्लक कळली की ती उरत नाही. मग कार्डाचा पर्याय पुढे आला. त्यालाही बायकांनीच हरकत घेतली: आकडा लक्षात ठेवायचा म्हणजे कुणीतरी तो विचारणार, दरडावून काढून घेणार. त्यापेक्षा अंगठा बरा, तो कुणी चोरू शकत नाही. अंगठा पाहून ज्यांना परत पाठवले होते त्यांनीच अंगठ्याला कुलपाची किल्ली केली. बायोमेट्रिक हा शब्द देशात सर्वतोमुखी होण्याआधीची ही चर्चा आहे, आणि ती म्हसवडच्या बाजारात झाली.

कर्ज दिल्यावर धंदाही चालला पाहिजे. २००६ मध्ये ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशाळा निघाली आणि पाठोपाठ ती बसवर चढली. बसमधली बाके काढून वर्ग केला आणि गावोगाव शिवण, हिशोब, दराची घासाघीस, मालाची मांडणी शिकवली जाऊ लागली. वर्षभर मार्गदर्शन करणाऱ्या वर्गाला बायकांनी ‘देशी एमबीए’ म्हणूनच स्वीकारले. शाळा लांब म्हणून घरी बसवल्या जाणाऱ्या मुलींसाठी सायकली आल्या. २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाले. जात्यावरच्या ओव्या, शेतीचे भाव, आरोग्याचा सल्ला असे सगळे त्यावर माणदेशी बोलीत येऊ लागले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या केराबाई या केंद्रावरून स्वतः रचलेली गाणी म्हणू लागल्या.

याच दशकात शेजारी एक मोठा बदल झाला. सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. दोन्ही शहरांत वर्षानुवर्षे मिरवणाऱ्या पाट्या उतरल्या. ज्यांच्या आजोबांनी तिथे पहिले खाते उघडले होते त्यांना हा घरातला माणूस गेल्यासारखा अनुभव होता. म्हसवडची छोटी बँक त्या दिवसांत आपल्या दहा-वीस रुपयांच्या ठेवी गोळा करीत उभी राहिली.

पहिल्या दहा वर्षांत सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. मतमतांतरे होती, ती चर्चेने मिटली. त्या काळातल्या सर्व संचालिका, सेवक आणि हितचिंतक यांचा या कामात सारखा वाटा आहे.

२०१० चे दशक : छावणी

२०१२ चा दुष्काळ माणदेशाने पाहिलेल्या वाईट दुष्काळांपैकी एक. बँकेत एक बाई दागिने तारण ठेवायला आली. सोनेतारण कर्ज काढून तिला जनावरांना चारा घ्यायचा होता. बँकेच्या दृष्टीने व्यवहार चोख होता: सोने होते, तारण होते, व्याजाचा दर ठरलेला होता. पण गावात चारा विकत मिळत नव्हता आणि पाणीही संपले होते. कर्ज दिले असते तर दागिने गेले असते आणि जनावरेही.

तिच्या प्रश्नातून चारा छावणी उभी राहिली. रेडिओवरून हाक गेली, मदतीचे हात आले. उसाचे वाढे, पेंड आणि पाण्याचे टँकर म्हसवडच्या माळावर येऊ लागले. हजारो जनावरे आणि त्यांच्यामागे आलेली कुटुंबे सुमारे दीड वर्ष तिथे राहिली. तिथेच चुली पेटल्या, मुलांचा अभ्यास झाला, दावणीला वासरे जन्मली. त्या दीड वर्षात अनेक घरांचा गोठा रिकामा होता होता वाचला. ताळेबंदात या कामाला रकाना नाही. त्यानंतर संस्थेने पाणलोटाच्या आणि बंधाऱ्यांच्या कामाला हात घातला, आणि २०१९ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा छावणी पुन्हा उभारली.

२०१३ मध्ये ग्रामीण उद्योजक स्त्रियांसाठी माणदेशी चेंबर ऑफ कॉमर्स सुरू झाले. परवाना कुठे काढायचा, माल कुठे विकायचा, कागद कुठला लागतो याचे उत्तर फोनवर मिळू लागले. त्याच वर्षीच्या नारीशक्ती पुरस्काराने राष्ट्रपतींच्या हस्ते चेतना सिन्हा यांचा गौरव झाला. जानेवारी २०१८ मध्ये दावोसला झालेल्या जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीच्या सहअध्यक्ष म्हणून त्या व्यासपीठावर होत्या. त्या वर्षी सातही सहअध्यक्ष स्त्रिया होत्या. त्यांत नॉर्वेच्या पंतप्रधान होत्या, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख होत्या आणि म्हसवडच्या बँकेच्या संस्थापक होत्या.

याच दशकात माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्यानंतर धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीत असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. हे यश तिचे आणि तिच्या घरच्यांचे. पण त्यानंतर तालुक्यात पहाटे रस्त्याने पळणाऱ्या मुली वाढल्या, आणि संस्थेच्या क्रीडा उपक्रमात त्यांना मैदान मिळाले.

२०२० पासून : आजचे काम

२०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्या सभासद घरी बसल्या. शिवण शिकलेल्या बायकांनी मास्क शिवायला घेतले. हप्ते थकले, ते समजून घेतले गेले आणि बाजार उघडताच टोपल्यांबरोबर वसुलीच्या पिशव्याही बाहेर पडल्या.

२०२२ मध्ये बँकेला पंचवीस वर्षे झाली. म्हसवडच्या मुख्य शाखेबरोबर इतर शाखांतून आज काम चालते आणि खातेदार लाखाच्या घरात आहेत. बचत, रोजची ठेव, शेळी-म्हशीसाठी, शिलाई यंत्रासाठी, दुकानासाठी कर्ज, विमा आणि निवृत्तिवेतनाच्या योजना, असा व्यवहाराचा पसारा आहे. त्याबरोबरच घराच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचे नाव लागावे, यासाठी कर्मचारी घरोघर समजावत असतात.

सहकारी बँकेत एका सभासदाला एकच मत. शंभर रुपयांचा भाग घेणारीला आणि दहा हजारांचा घेणारीला सारखेच. वार्षिक सभेला सभासद जमतात तेव्हा दाराशी हजेरीची वही असते. पहिल्या १,३३५ जणींतल्या कुणी आता नातीचा हात धरून येतात. नात झरझर सही करते. आजी पेन घट्ट धरते, शिरोरेषा आधी आखून घेते आणि तिच्याखाली एकेक अक्षर बसवत आपले पूर्ण नाव आडनावासकट लिहिते. मागे रांग थांबलेली असते आणि कुणी घाई करीत नाही.